सातबारा, पाऊस आणि पायथन : शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समित्या,
आंबी परिसर आणि मावळ तालुका, जि. पुणे.

विषय : सहावी ते आठवीच्या मुलामुलींना पायथन या संगणकभाषेची मूळ ओळख शाळेतच करून देण्याबाबत.



पायथन ही संगणकाला कामे सांगण्याची भाषा आहे. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत काम करताना गिडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, ती लिहायला घेतली. तिची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्याच संस्थेत आधी ‘एबीसी’ नावाची एक भाषा तयार झाली होती. ती मुद्दाम नवशिक्यांसाठी होती आणि व्हॅन रॉसम यांनी त्या कामाला हातभार लावला होता. पायथनमधला सोपेपणा तिथून आलेला आहे. नाव मात्र ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून घेतलेले आहे. ही भाषा विनामूल्य आहे. तिचा परवाना विकत घ्यावा लागत नाही, आणि एकदा संगणकावर बसवली की शिकण्यासाठी इंटरनेटही लागत नाही.

सध्या तिची तिसरी आवृत्ती चालते. ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके आणताना हे लक्षात ठेवावे. ज्या पुस्तकात ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे कंस दिसत नाही ते दुसऱ्या आवृत्तीचे पुस्तक समजावे. त्यातली पहिलीच ओळ आजच्या संगणकावर चुकीची ठरेल आणि मूल पहिल्याच दिवशी हिरमुसेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, प्रोग्रॅमिंगचे उपक्रम सुचवले आहेत. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंगचा विषय पायथनमधूनच शिकवायचा होता. आंबी गावातच अभियांत्रिकी शिक्षणाचा मोठा परिसर उभा आहे आणि पलीकडे तळेगावची औद्योगिक वसाहत आहे. त्या वर्गांत अठराव्या वर्षी जे पहिले धडे गिरवले जातात, ते कुंपणाबाहेरच्या शाळेतल्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या मुलाला समजण्यासारखे आहेत. त्यासाठी लागणारे गणित सहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून गावोगावच्या लोकांचा हात संगणकावर बसला. हे काम मोठे आहे. पण त्यात शिकवले जाते ते दुसऱ्याने तयार केलेली साधने वापरणे : पत्र टंकणे, तक्ता भरणे, मेल पाठवणे. प्रोग्रॅमिंगमध्ये साधनच स्वतः तयार करायचे असते. बऱ्याच शाळांत ‘संगणकाचा तास’ आजही पहिल्या प्रकारातच अडकलेला आहे, आणि समित्यांनी लक्ष घालायचे ते इथे.

शाळेतले संगणक बहुधा जुने असतात, पण त्याने काही बिघडत नाही. ज्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे, त्यावर पायथनची ३.८ ही आवृत्ती बसते. त्यापुढच्या आवृत्त्या बसत नाहीत. नवीन आवृत्ती बसली नाही म्हणून ‘संगणक बाद झाला’ असा शेरा मारण्यापूर्वी हे पाहावे, कारण मूळ धड्यांना ३.८ पुरून उरते. पायथनसोबत ‘आयडल’ नावाची लिहिण्याची खिडकी आपोआप मिळते. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेले ‘थॉनी’ हे दुसरे विनामूल्य साधन नवशिक्यांसाठी अधिक चांगले आहे. त्यात प्रोग्रॅम एकेक पाऊल पुढे नेता येतो आणि प्रत्येक पावलाला कोणत्या नावात कोणता आकडा आहे, ते शेजारच्या चौकटीत दिसते. संगणक अजिबात नसेल तर ॲन्ड्रॉइड फोनवरही पायथन चालते. फोनवर टंकणे किचकट असते, तेव्हा तो अडीनडीचा मार्ग समजावा.

इंग्रजी येत नाही म्हणून प्रोग्रॅमिंग जमणार नाही, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. पायथनमधले राखीव शब्द इंग्रजी आहेत, पण ते चाळीसच्याही आत आहेत, आणि सुरुवातीच्या धड्यांत त्यांतले जेमतेम दहा लागतात. आपण ठेवलेली नावे मराठीत देता येतात. तिसऱ्या आवृत्तीत ‘तांदूळ’, ‘शिल्लक’, ‘गुंठे’ अशी देवनागरी नावे संगणक विनातक्रार स्वीकारतो. अवतरणचिन्हांतला मजकूरही मराठीत चालतो. प्रोग्रॅममधले आकडे, ‘प्रिंट’सारख्या तयार आज्ञा आणि राखीव शब्द तेवढे रोमन लिपीत टंकावे लागतात. या पत्रात ते वाचण्याच्या सोयीसाठी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. विंडोजच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरे आणि मात्रा विस्कटतात, त्यामुळे मराठी अक्षरांचे काम आयडलमध्ये करावे.

सुरुवात शाळेतल्याच रोजच्या हिशेबाने करता येते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरले जाते. समजा, आज लहान गटातली ८४ आणि मोठ्या गटातली ४६ मुले हजर आहेत. प्रोग्रॅम असा होतो :

लहान = ८४
मोठी = ४६
तांदूळ = लहान * १०० + मोठी * १५०
प्रिंट(तांदूळ)

पडद्यावर १५३०० हा आकडा येतो, म्हणजे १५ किलो ३०० ग्रॅम. या चार ओळींत भाषेचा पाया आला आहे. संगणक ओळी वरून खाली, एकामागून एक वाचतो. डावीकडे नाव असते, उजवीकडे किंमत. अशा नावाला चल म्हणतात. तारा हे गुणाकाराचे चिन्ह आहे, आणि गुणाकार आधी, बेरीज नंतर हा शाळेतलाच नियम इथे लागू होतो. ‘प्रिंट’ने उत्तर पडद्यावर येते. उद्या हजेरी बदलली की वरच्या दोनच ओळी बदलायच्या.

बरोबरच्या चिन्हाचा अर्थ मात्र गणिताच्या वहीतल्यापेक्षा वेगळा आहे आणि हुशार मुलेच इथे आधी अडखळतात. ‘शिल्लक = शिल्लक - तांदूळ’ ही ओळ बीजगणितात खोटी ठरेल. पायथनमध्ये तिचा अर्थ असा : आधी उजवी बाजू सोडवायची, आणि जे येईल ते डावीकडच्या नावात ठेवायचे. सकाळी कोठीत १२०००० ग्रॅम तांदूळ असेल तर या ओळीनंतर ‘शिल्लक’मध्ये १०४७०० राहतात. पोषण आहाराच्या नोंदवहीतला ‘अखेर शिल्लक’चा रकाना रोज हेच करतो. दोन किमती सारख्या आहेत का, हे विचारायचे असेल तर बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते.

वरच्या हिशेबात ग्रॅम घेतले, किलो घेतले नाहीत, त्यामागे कारण आहे. मोठ्या गटाचा हिशेब ४६ * ०.१५ असा किलोत केला, तर पायथन ६.९ असे उत्तर देत नाही. ते ६.८९९९९९९९९९९९९९९५ असे देते. संगणक दशांश अपूर्णांक शून्य आणि एक या दोन अंकांच्या पद्धतीत साठवतो. त्या पद्धतीत ०.१५ पूर्णपणे मांडता येत नाही, जसे आपल्या पद्धतीत एकतृतीयांश ०.३३३ लिहून संपत नाही. साठवतानाच अतिसूक्ष्म कसर राहते आणि गुणाकारात ती वर येते. पूर्णांकांत अशी कसर नसते. म्हणून वजन ग्रॅममध्ये, पैसे पैशांमध्ये मोजायचे आणि शेवटी एकदाच भागायचे, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावावी. ६९०० भागिले १००० केले की ६.९ हेच उत्तर येते. किलोतले ते कसरीचे उत्तर मात्र मुलांपासून लपवू नये. ‘संगणक कधी चुकत नाही’ या वाक्यावरचा आंधळा विश्वास उडायला एवढे एक उदाहरण पुरते.

पुढचा धडा आहे किमतींच्या प्रकारांचा, आणि त्यासाठी घरोघरी असलेल्या सातबाऱ्यासारखे उदाहरण नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते; उदाहरणार्थ ०.६२.००. घरात आणि बांधावर बोलणे मात्र एकर-गुंठ्यांत होते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. गुंठ्याचे पुन्हा १६ आणे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत हे क्षेत्र नेताना आकडेमोड होते आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणावर सोपवली जाते. ती मुलाला स्वतः करता आली पाहिजे.

०.६२.०० हा आकडा जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये लिहिला तर पायथन तो नाकारते, कारण संख्येत दोन दशांशचिन्हे असू शकत नाहीत. अवतरणचिन्हांत लिहिला की तो मजकूर होतो आणि स्वीकारला जातो. मजकूर आणि संख्या हे दोन वेगळे प्रकार आहेत. संख्या म्हणून ८४ आणि ४६ यांची बेरीज १३० होते. अवतरणचिन्हांतल्या ‘८४’ आणि ‘४६’ यांना अधिकचे चिन्ह लावले तर ते शेजारी चिकटतात आणि ८४४६ तयार होते. ‘इनपुट’ या आज्ञेने कळफलकावरून घेतलेली प्रत्येक गोष्ट, ती आकड्यासारखी दिसली तरी, मजकूरच असते. ‘इंट’ या आज्ञेने तिची पूर्णांक संख्या करावी लागते. मराठी वाचकांना माहीत असावी अशी एक गोष्ट इथे आहे : ‘इंट’ला देवनागरी अंकही कळतात. अवतरणचिन्हांतल्या ६२ मधले अंक मराठीत टंकले तरी त्यातून ६२ हीच संख्या मिळते. म्हणजे मराठी सातबाऱ्यावरचा आकडा तसाच उचलून प्रोग्रॅमला देता येतो.

मग ‘स्प्लिट’ या आज्ञेने मजकूर टिंबाच्या जागी तोडायचा. ०, ६२ आणि ०० असे तीन तुकडे मिळतात. प्रत्येकाची संख्या करून हेक्टरला १०००० ने, आरला १०० ने गुणायचे आणि तिन्हींची बेरीज करायची. ६२०० चौरस मीटर आले. त्याला १०१.१७ ने भागले की ६१.२८ गुंठे. ‘इंट’ने त्यातले ६१ पूर्ण गुंठे वेगळे काढले की पायथनमधली दोन चिन्हे कामाला येतात. दोन तिरक्या रेघा (//) म्हणजे भागाकारातला पूर्ण भाग, आणि टक्क्याचे चिन्ह (%) म्हणजे बाकी. ६१ // ४० चे उत्तर १ आणि ६१ % ४० चे उत्तर २१. राहिलेल्या ०.२८ गुंठ्याला १६ ने गुणले की साधारण साडेचार आणे. म्हणजे १ एकर, २१ गुंठे, ४ आणे आणि थोडे वर. चौथीत ‘भागाकार आणि बाकी’ शिकताना बाकीचा उपयोग काय, हे बहुधा कुणी सांगत नाही. तो इथे दिसतो.

हे सगळे ‘डेफ’ या शब्दाने एका नावाखाली बांधता येते, उदाहरणार्थ ‘एकरात’. त्याला फंक्शन म्हणतात. एकदा लिहिले की पुढे फक्त नाव घ्यायचे आणि कंसात क्षेत्र द्यायचे. पण फंक्शन लिहून काम संपत नाही. ते तपासावे लागते, आणि तपासणीसाठी उत्तर आधीच माहीत असलेले किंवा काठावरचे आकडे निवडावे लागतात. ०.४०.४७ दिले तर १ एकर ० गुंठे येते. एक चौरस मीटर कमी करून ०.४०.४६ दिले तर ० एकर ३९ गुंठे १५ आणे येते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ‘इंट’ दशांशाचा भाग कापून टाकते, जवळच्या संख्येला नेत नाही, म्हणून एका चौरस मीटरने ‘एकर’ हा शब्दच गळून पडला. जवळच्या संख्येला नेण्यासाठी ‘राउंड’ आहे. शिक्षकांनी तिचाही स्वभाव आधी पाहून ठेवावा. शाळेत २.५ चे ३ करायला शिकवतात. पायथनची ‘राउंड’ मात्र नेमक्या अर्ध्यावरच्या संख्येला जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून २.५ चे २ आणि ३.५ चे ४ होतात. मुलाने हे दाखवून दिले तर त्याला गप्प करू नये.

तिसरा धडा पावसाचा. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि कामशेतवरून आंबीकडे येते. घाटमाथ्यावर लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तळेगावच्या बाजूला येईपर्यंत तो झपाट्याने कमी होतो. नदीला पाणी वरच्या पावसाने येते. आंबीच्या मुलांनी लोणावळ्याचे आकडे का पाहावेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आधीच्या चोवीस तासांचा धरतात. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवले तर मुलांना स्वतःचे आकडे मिळतील.

एका आठवड्याचे आकडे, समजा, १२, ०, ४५, ८८, १०२, ३१ आणि ७ असे आहेत. चौकटी कंसात स्वल्पविराम देऊन ते लिहिले की त्यांची यादी होते, आणि सात आकड्यांना मिळून ‘पाऊस’ हे एकच नाव पुरते. ‘सम’ने बेरीज मिळते : २८५. ‘लेन’ने किती आकडे आहेत ते कळते : ७. भागाकार केला की सरासरी साधारण ४०.७ मिलिमीटर येते. ‘मॅक्स’ने सर्वांत मोठा आकडा मिळतो : १०२. यादीतली मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिला दिवस म्हणजे क्रमांक ०, सातवा म्हणजे क्रमांक ६. क्रमांक ७ ची मागणी केली तर त्रुटी येते. ही चूक प्रत्येकाकडून होते, अनुभवी माणसांकडूनही.

यादीतल्या प्रत्येक आकड्यावर तेच काम करायचे असेल तर ‘फॉर’ हा शब्द वापरून फेरा लावतात. ‘पाऊस’मधला एकेक आकडा उचलायचा, खालच्या ओळी करायच्या, पुढचा उचलायचा. फेऱ्यात कोणत्या ओळी येतात, हे पायथनला समासावरून कळते. त्या ओळी आत सरकवून (सहसा चार जागा) लिहाव्या लागतात. दुसऱ्या अनेक भाषांत यासाठी महिरपी कंस लागतात आणि समास ऐच्छिक असतो. पायथनमध्ये समास हेच व्याकरण आहे. नीटनेटके लिहिणे सक्तीचे झाल्याने एका मुलाचा प्रोग्रॅम दुसऱ्याला वाचता येतो, आणि शिकण्याच्या काळात याची किंमत फार मोठी आहे.

अटींसाठी ‘इफ’, ‘एलिफ’ आणि ‘एल्स’ हे शब्द आहेत. हवामान विभागाच्या वर्गीकरणात चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. बहुतेक मुले हे सरळ चढत्या क्रमाने लिहितात : आकडा ६४.५ किंवा जास्त असेल तर ‘मुसळधार’, नाहीतर ११५.६ किंवा जास्त असेल तर ‘अतिमुसळधार’, नाहीतर पुढचे. प्रोग्रॅम चालतो, त्रुटी येत नाही, आणि वरच्या आठवड्यातली सातही उत्तरे बरोबर येतात. मग एखाद्या दिवशी २३० मिलिमीटर पाऊस होतो आणि प्रोग्रॅम म्हणतो ‘मुसळधार’. कारण २३० हाही ६४.५ पेक्षा जास्तच आहे. पहिली अट खरी ठरली की पायथन खालच्या अटी पाहतच नाही. मोठ्या आकड्याची अट वर हवी होती. नदीकाठच्या गावात ‘मुसळधार’ आणि ‘अत्यंत मुसळधार’ यांतला फरक म्हणजे गोठ्यातली जनावरे सोडायची की नाही, इतका असतो.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मराठीत सांगितले तरी प्रोग्रॅम लिहून देतात. त्यामुळे मुलांनी हे शिकायचे कशाला, असा प्रश्न पालकसभेत येणारच. उत्तर वरच्या उदाहरणात आहे. लिहून मिळालेल्या प्रोग्रॅममध्ये अटींचा क्रम चुकला असेल, तर तो वाचता येणाऱ्यालाच दिसेल.

मराठी मजकुरावर काम करताना आणखी दोन गोष्टी भेटतात. ‘आंबी’ या शब्दाची लांबी ‘लेन’ने विचारली तर उत्तर ४ येते, कारण आ, अनुस्वार, ब आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे संगणक वेगळी साठवतो. नावांची यादी ‘सॉर्ट’ने लावली तर ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येते, कारण संगणकाच्या तक्त्यात त्याचा क्रमांक तिथे आहे. मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. हजेरीपटाचा क्रम संगणकावर लावणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

याशिवाय कोश (डिक्शनरी), फाइल वाचणे-लिहिणे आणि ‘व्हाइल’चा फेरा एवढे झाले की पाया पूर्ण होतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी पायथनमध्येच ‘टर्टल’ आहे. पडद्यावरचे कासव पुढे सरकते, वळते आणि मागे रेघ सोडते. ही कल्पना सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘लोगो’ या मुलांच्या भाषेतून आली. १०० पावले पुढे आणि ९० अंश डावीकडे, असे चार वेळा केले की चौरस. पाच वेळा १४४ अंश वळले की चांदणी. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुली यात फार लवकर पुढे जातात, कारण एकच आकृती सरकवत नेण्याची रीत त्यांच्या हातात आधीच असते.

त्रुटीसंदेशांबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मुले प्रोग्रॅमिंग सोडतात ती बहुधा इथे. पडद्यावर लाल इंग्रजी ओळी आल्या की मूल घाबरते आणि शिक्षक स्वतःच कळफलक ओढून चूक दुरुस्त करतात. दोन्ही टाळावे. संदेश खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो आणि तिच्या वर ओळीचा क्रमांक. ‘नेम एरर’ म्हणजे न दिलेले नाव वापरले. बहुतेक वेळा तो ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ असतो, एकदा ‘तांदूळ’ आणि एकदा ‘तांदुळ’ लिहिलेले असते. ‘टाइप एरर’ म्हणजे मजकूर आणि संख्या एकत्र मिसळली. ‘इंडेंटेशन एरर’ म्हणजे समास बिघडला. ‘सिंटॅक्स एरर’ म्हणजे कंस, अवतरणचिन्ह किंवा विसर्गासारखी दोन टिंबे राहिली. या चार संदेशांचा मराठी तक्ता भिंतीवर लावला तर निम्मे काम होते. त्रुटी आली म्हणून गुण कापू नयेत. ज्या प्रोग्रॅममध्ये संदेशच येत नाही पण उत्तर चुकते, तो जास्त धोक्याचा असतो, हे मुलांना २३० मिलिमीटरच्या उदाहरणावरून पटलेले असते.

शिकवण्याच्या रीतीबाबत काही गोष्टी निश्चित सांगता येतात. एका संगणकावर दोन मुले बसवावीत. एकाने टंकायचे, दुसऱ्याने वाचून शंका काढायच्या, आणि पंधरा मिनिटांनी अदलाबदल. प्रोग्रॅम चालवण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत लिहून घ्यावे. तयार प्रोग्रॅम उतरवून देऊ नये, प्रत्येक ओळ मुलानेच टंकावी. संगणक नसलेल्या दिवशीही तास बुडत नाही. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम संगणकाविना करायच्या कृती शिक्षकांना देतो. याच उपक्रमातून होणारी ‘बेब्रास’ ही कोड्यांची स्पर्धा मराठीतूनही देता येते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मोफत सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्र-धडे भारतीय भाषांतल्या निवेदनासह विनामूल्य मिळतात आणि त्यांत मराठी आहे. पंधरा दिवसांत ॲप बनवायला शिकवू, अशा जाहिरातींवर पालकांचे पैसे जाऊ देऊ नयेत. वर सांगितलेला पाया नीट व्हायला आठवड्याला दोन तास धरले तर एक शैक्षणिक वर्ष लागते आणि तेवढे लागू द्यावे.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे व्यवस्थापन समितीचे काम आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि तळेगावची वसाहत या शाळांच्या शेजारी आहे. आंबीतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी चालत येऊ शकतात, राष्ट्रीय सेवा योजनेतून त्यांचे तासही मोजले जाऊ शकतात. शिक्षक प्रशिक्षण मात्र आधी व्हावे आणि शिकवणारा मराठीतच शिकवेल, ही अट घालावी.

समित्यांना विनंती अशी की, येत्या बैठकीत तीन ठराव घ्यावेत : सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात आठवड्याला पायथनचे दोन तास, शाळेतल्या बंद संगणकांची तपासणी करून चालू होतील तेवढे चालू करणे, आणि ज्या एका शिक्षकाची वा शिक्षिकेची इच्छा असेल त्यांना या कामासाठी वर्षभर मोकळीक. मुलींच्या हाती कळफलक निम्मा वेळ राहील, हे ठरावातच लिहावे. ठरावाची प्रत वडगावला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि जूनमध्ये शाळा उघडताच पहिला तास घ्यावा.

कळावे.

मावळातील एक नागरिक